चष्मेवाल्याच्या घरातलं वाचन

ज्या कुणी साहेबांनी खुर्चीत बसून ‘जसे पालक वाचतात तशी मुलं वाचतात’ हे वाक्य गुळगुळीत कागदावर छापलं आणि घराघरांत धाडलं, त्यांच्यावर आमचा सरळ आरोप आहे. तुम्ही एका निरुपद्रवी माणसाच्या भिंतीला भोक पाडलंत, त्याच्या खालच्या मजल्यावर पाणी सोडलंत, त्याला कुकरच्या माहितीपुस्तिकेतला शिट्टीचा परिच्छेद तोंडपाठ करायला लावलात, आणि एवढं सगळं करून त्याच्या मुलीकडे एकदाही धड पाहिलं नाहीत. तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही. कागदाखाली सही होती, ती वाचता येत नव्हती. वाचनाचा प्रसार करणाऱ्याची सहीच वाचता येऊ नये, यात काय ते आलं.

तो निरुपद्रवी माणूस म्हणजे चष्मेवाला. किल्लीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्याचं दुकान. एका अंगाला काचेच्या कपाटात फ्रेमा, दुसऱ्या अंगाला आरसा, मध्ये गिऱ्हाइकाची खुर्ची, जी खाली जाते पण वर येत नाही, आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वर एकच भलामोठा ‘ग’. मग ओळीओळीने अक्षरं बारीक होत जातात, ती शेवटी ‘घ, ध, भ, म, थ’ला पोचतात, आणि तिथे भल्याभल्यांची दातखीळ बसते. तक्त्याच्या पाठीमागे अक्षरं नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथे नुसते तीन दातांचे कंगवे काढलेत, कुणाचे दात वर, कुणाचे खाली, कुणाचे आडवे. दात कुठल्या बाजूला ते बोटाने दाखवायचं. ही बाजू क्वचितच लागते.

दिवसभर लोक येतात, खुर्चीत खाली जातात, तक्ता वाचतात. चष्मेवाला त्यांच्या नाकावरच्या जड चौकटीत एकेक भिंग सरकवतो आणि विचारतो, “आधी बरं की आता?” हा प्रश्न त्याच्या जिभेत इतका मुरलाय की एकदा बायको केस कापून आली तेव्हा त्याने सवयीने तिलाही तेच विचारलं. पुढचे दोन दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

त्याची मुलगी चौथीत. एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते, ती घरी येईपर्यंत शाळा सुटलेली भिंगरी दुकानात काउंटरच्या आत स्टुलावर बसते, आईचा जुना मोबाईल पाहते किंवा गिऱ्हाइकांच्या नकला करते. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी चष्मेवाला तिला खुर्चीत बसवतो, तक्ता वाचायला लावतो. ती धडाधड वाचते, शेवटच्या ओळीसकट. मग तो बसलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणतो, “आमच्या घरात कुणाला नंबर नाही.” जणू नंबर न लागणं हे त्याचं कर्तृत्वच.

तर पालकसभा. शाळेने बाहेरून एक वाचनतज्ज्ञ बाई बोलावल्या होत्या. साहेबांचा कागद त्यांच्याच हातून आला. बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. अशा कामावर वाईट माणसं नेमत नाहीत, चांगल्या माणसांना कागद देऊन पाठवतात. बाईंनी विचारलं, गेल्या महिन्यात किती पालकांनी पुस्तक वाचलं, हात वर करा. सगळ्यांचे हात वर गेले म्हणून चष्मेवाल्याचाही गेला. बाईंचं बोट नेमकं त्याच्यावर थांबलं.

“कोणतं?”

“चालू आहे,” तो म्हणाला.

“काय चालू आहे?”

“वाचन.”

मागच्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं. बाकीच्या बापांनी वर केलेले हात केसांवरून फिरवत हळूच खाली घेतले. त्यांच्यातल्या एकानेही पुस्तक वाचलेलं नव्हतं हे चष्मेवाला पैजेवर सांगेल, पण पकडला गेला तो. इथून त्याच्या अब्रूला जी गळती लागली ती लागलीच.

मग बाईंनी भिंगरीचं प्रकरण सर्वांसमक्ष काढलं. मुलगी वाचत नाही. शब्दाचं पहिलं अक्षर पाहते आणि उरलेला अंदाजाने ठोकून देते. चार ओळी झाल्या की डोळे चोळते, जांभया देते, डोकं दुखतं म्हणते. आणि, इथे बाईंनी आवाज खाली आणला, पुस्तकाच्या पानावर दोन बोटं टेकवून फाकवते. कागदाच्या पानावर. मोबाईलवरचं चित्र मोठं करायला फाकवतात तशी.

सभागृहात हळहळ पसरली. एका आजोबांनी तर कपाळाला हात लावला.

“या मुलीला पान आणि स्क्रीन यांतला फरक कळेनासा झालाय,” बाई म्हणाल्या. “कारण घरात तिला वाचणारं माणूस दिसत नाही.”

महिनाअखेर बाई अशा प्रत्येक घरी येऊन वाचनाचं वातावरण तपासणार होत्या. ज्यांचं जमणार नाही ती मुलं पायाभरणी तुकडीत. ही तुकडी जिन्याखाली भरते. तिला दार नाही, त्यामुळे वर जाणारायेणारा प्रत्येक जण आत डोकावतो, आणि बाकं दुसरीच्या मुलांची आहेत. भिंगरीने घरी येताना रस्त्यात दोनच प्रश्न विचारले. पहिला, तिची बाकावरची मैत्रीण तिकडे येईल का. दुसरा, “बाबा, त्या बाकात माझे गुडघे मावतील?”

चष्मेवाला म्हणाला की तशी वेळ येणारच नाही, त्याची काळजी बाबा करेल. हे बोलताना त्याचा आवाज गिऱ्हाइकाला फ्रेमची खात्री देतानाचा होता, आणि त्या आवाजावर त्याचा स्वतःचा कधीच विश्वास नसतो. दुसऱ्या दिवसापासून भिंगरीच्या पोटात सकाळीच दुखायला लागलं. डबा शाळेतून तसाच परत यायला लागला.

आता वाचायचं म्हणजे घरात काही तरी असायला हवं. शोधाशोध केली तेव्हा फ्रेमांचे कॅटलॉग, विम्याची पत्रकं आणि कुकरची माहितीपुस्तिका निघाली. बायको म्हणाली, “अहो, निदान जाड तरी काही घ्या.” पण त्या संध्याकाळी दुसरं काही नव्हतं. चष्मेवाला खुर्ची ओढून, पाय लांब करून, चेहऱ्यावर विचार आणून कुकरची पुस्तिका वाचायला बसला. शिट्टी का होत नाही याची सात कारणं असतात. चौथ्या कारणाला त्याची हनुवटी छातीला टेकली.

मोबाईल दूर ठेवायचे ठरले. दोघांचे आणि भिंगरीचा जुना, असे तिन्ही बिस्किटाच्या डब्यात घालून डबा कपाटावर. थोड्या वेळाने डबा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायला लागला. लॅबवाले बायकोला शोधत होते, कुणाचा तरी रिपोर्ट दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेला होता आणि एक सत्तरीचे गृहस्थ गरोदर निघाले होते. डबा खाली आला. बायकोचं काम संपल्यावर चष्मेवाल्याने स्वतःचा मोबाईल पाठीमागे लपवून न्हाणीघर गाठलं. बाहेरून भिंगरीने दार वाजवलं.

“बाबा, आत वाचताय?”

“हो.”

“मग तुमच्या पुस्तकात गाणं लागलंय.”

खालच्या मजल्यावर ऑडिटरकाका राहतात. साऱ्या इमारतीत खरोखर वाचणारा माणूस हा एकच. दोन कपाटं भरून पुस्तकं, आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीने बरोबरची खूण. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासल्यामुळे वाचलेलं पानही ते तपासून पुढे जातात. त्यांनी चष्मेवाल्याला बसवून समजावलं की वाचन नुसतं करून भागत नाही, ते दिसलं पाहिजे. मूल ज्या वाटेने जातं त्या वाटेवर बसा. घरात अशी वाट एकच होती, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येणारा बोळ. चष्मेवाला तिथे स्टूल टाकून काकांनी दिलेलं जाडजूड पुस्तक उघडून बसू लागला. बायको गरम पातेलं घेऊन दोनदा त्याच्या मांडीला अडखळली. तिसऱ्यांदा ती अडखळली नाही, पातेलं अडखळलं. ते पुस्तक काकांना परत देताना मुखपृष्ठावरच्या डागाचा खुलासा तोंडी द्यावा लागला आणि तो काकांनी समाधानकारक नाही असं म्हणून फेटाळला.

शिवाय काका रोज जिना चढून परीक्षा घ्यायचे. कुठवर आलात, त्या पानावर लेखक काय म्हणतो, कशावरून म्हणतो. चष्मेवाला शाळेतही इतका कधी घाबरला नव्हता.

पण एक गोष्ट झाली. भिंगरी त्याच्याशेजारी येऊन बसू लागली. तीही शाळेचं पुस्तक घ्यायची, बोट ओलं करायची, पान उलटायची, मध्येच ‘हं’ म्हणायची. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. साहेबांचा कागद खरा ठरत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की तो पान उलटतो तेव्हाच ती उलटते. तो डुलकी घेतो तेव्हा तिचं पानही थांबतं. त्याने विचारलं, काय आहे गं गोष्टीत?

“आधी तुम्ही सांगा तुमच्यात काय आहे,” भिंगरी म्हणाली.

बापाने विषय बदलला.

घरात पुस्तकं हवीत म्हणून तो सार्वजनिक वाचनालयात गेला. तिथला ग्रंथपाल टेबलावर मोबाईल उभा करून कुठला तरी सामना पाहत होता. सभासद व्हायचंय म्हटल्यावर त्याने मान वर केली ती संशयाने. कशासाठी? वाचायला. कोण वाचणार? आम्ही. ग्रंथपालाने सामना थांबवला, म्हणजे प्रसंग गंभीर होता. सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते. जुने सभासद कोण? ते संगणकात आहेत. संगणक? दुरुस्तीला. पूर्वी रजिस्टर होतं, पण सगळं संगणकात चढवल्यावर रजिस्टर रद्दीत घातलं. मग चष्मेवाल्याने हात लांब करून समोरच्या मांडणीतलं मुलांचं एक पुस्तक दाखवलं आणि म्हणाला, निदान हे तरी इथे बसून वाचतो.

“काढता येणार नाही.”

“अहो, समोर दिसतंय.”

“दिसतंय,” ग्रंथपाल म्हणाला, “पण सिस्टिममध्ये नाही.”

आणि त्याने सामना पुन्हा सुरू केला. साहेब, हेही तुमच्याच खात्यात येतं की शेजारच्या, ते तुम्ही पाहा.

घरी आला तर मेव्हणा बसलेला. हा मेव्हणा घरं सजवून देण्याची कामं घेतो आणि कुठल्याही संकटावर त्याच्याकडे फळी असते. त्याचं म्हणणं पडलं की भाऊजी, पुस्तकं नंतर, आधी जागा. माणूस कपडे घेतो तो कपाट असतं म्हणून. भिंतीला एक देखणी मांडणी ठोका, पुस्तकं आपोआप चालत येतील. चष्मेवाल्याला हे पटलं, कारण त्या दिवसांत त्याला सगळंच पटत होतं. घाबरलेला माणूस गिऱ्हाइकासारखा असतो. कुठलंही भिंग घातलं तरी ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो.

तपासणी रविवारी होती. शनिवारी सकाळी मेव्हणा ड्रिल घेऊन आला. भिंतीवर टकटक करून, कान लावून, इथे भरीव आहे असा निर्वाळा देऊन त्याने एका कोपऱ्यात खिळा ठोकला आणि दुसऱ्या कोपऱ्यात ड्रिल घातलं. भिंत भरीव होती. त्या भरीवपणात पाण्याचा पाइप होता. पहिल्यांदा नुसती शीळ ऐकू आली, मग बोटाएवढी धार निघाली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाला लागली. मेव्हण्याने भोकावर तळहात दाबला आणि अत्यंत शांतपणे विचारलं, “भाऊजी, नळ कुठून बंद होतो?” तो गच्चीवरून बंद होतो. गच्चीची किल्ली ऑडिटरकाकांकडे असते. काका पेपर घेऊन फिरायला गेले होते.

काका परत आले तोवर त्यांच्या छताने पुरेसं पाणी पिऊन ते खाली सोडायला घेतलं होतं, तेही नेमकं दोन कपाटांवर.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एकेक भिजलेलं पुस्तक हातात घ्यायचे, खूण केलेलं पान उघडायचे, पेन्सिलीची खूण तशीच आहे हे पाहायचे आणि बाजूला ठेवायचे. चष्मेवाला खाली मान घालून म्हणाला, सगळी वर नेतो, आमच्याकडे वारा आहे, सुकवून आणून देतो. मग दुपारभर इमारतीच्या जिन्यावरून पुस्तकांची वरात वर चालली. पलंगावर पुस्तकं, खुर्च्यांवर पुस्तकं, पंख्याखाली अर्धगोल करून पुस्तकं, कपडे वाळत घालायच्या दोरीवर पोटात दोरी घेऊन लोंबकळणारी पुस्तकं. बसायला जागा म्हणून नाही. जेवण सगळ्यांनी उभ्याने उरकलं.

बाई येणार त्या रविवारी चष्मेवाल्याने सकाळचा चहाही घेतला नाही. पण त्याच्याकडे एक हुकमाचं पान होतं. शनिवारी रात्री दुकानात जाऊन त्याने तो अक्षरांचा तक्ता कापडात गुंडाळून घरी आणला होता. जगात एक गोष्ट अशी होती जी भिंगरी न अडखळता वाचते, आणि ती त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेली होती.

बाई आल्या आणि दारातच थांबल्या. घरभर उघडी पुस्तकं. त्या दोरीखालून वाकून आत आल्या, पलंगाच्या एका कडेला टेकल्या, आणि विचारलं की ही सगळी पुस्तकं... चष्मेवाला म्हणाला, सध्या उघडीच असतात. हे खोटं नव्हतं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली.

बाईंनी पर्समधून टॅब काढला. घराची तपासणी त्याच्यावरच भरायची होती. त्यांनी तो हातभर लांब धरला, मान मागे नेली, मग दोन बोटांनी अक्षरं मोठी केली आणि रकाना वाचला. चष्मेवाल्याच्या धंद्याच्या नजरेला हे लगेच कळलं: बाईंना जवळचा नंबर लागलाय आणि त्या मान्य करत नाहीयेत. एरवी त्याने कार्ड पुढे केलं असतं. आज ते खिशातच राहिलं. मनात कुठे तरी काही तरी टोचलं, पण काय ते कळलं नाही. काही गोष्टी माणसाच्या डोळ्यांसमोर धरल्या तरी त्या हातभर लांब न्याव्या लागतात.

बाईंनी वातावरणाला ‘उत्तम’ दिलं. मग शेजारी सुकत पडलेलं एक पुस्तक उचलून भिंगरीपुढे धरलं. वाच बाळ, कुठलंही पान.

भिंगरीने पुस्तक घेतलं. नाकाजवळ आणलं. लांब नेलं. मान तिरकी केली. पहिलं अक्षर म्हटलं, मग एक शब्द ठोकून दिला, जो तिथे नव्हता. मग तिची दोन बोटं पानावर आली आणि हळूच फाकली. पान काही मोठं झालं नाही. तिने बापाकडे पाहिलं.

चष्मेवाल्याला ती नजर सोसवली नाही. “थांबा,” तो म्हणाला. “ती घाबरलीय. तिला येतं. मी दाखवतो.” त्याने कापडातून तक्ता काढला. भिंतीवर मेव्हण्याचा एकच खिळा उरला होता, त्यावर तक्ता अडकवला, भिंगरीला समोरच्या भिंतीशी उभं केलं, आणि स्वतः तक्त्याकडे पाठ करून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिला. त्याला तो चेहरा बदलताना पाहायचा होता.

“वाच, भिंगरी.”

“ग,” भिंगरी म्हणाली. आवाज खणखणीत होता. “म, र. च, ट, ल. प, न, स, व.” एकेक अक्षर तोलून, जरा थांबून, गिऱ्हाईक थांबतं तसं थांबून. शेवटची ओळही तिने सोडली नाही. “घ, ध, भ, म, थ.” मग बापाच्याच सुरात, “छान, बसा.”

बाईंचा चेहरा बदलला. पण चष्मेवाल्याला हवा होता तसा नाही. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली बायको तशीच उभी होती. ती तक्त्याकडे पाहत होती.

“अहो,” ती म्हणाली, “मागे बघा.”

त्याने वळून पाहिलं. घाईत तक्ता उलटा लागला होता. समोर एकही अक्षर नव्हतं. वरपासून खालपर्यंत नुसते कंगवे.

चष्मेवाला भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसला.

“तुला तिथे काय दिसतंय?”

“तक्ता.”

“त्यावर काय आहे?”

“ग, म, र...”

“दिसतंय का, विचारतोय.”

भिंगरीला हा प्रश्न विचित्र वाटला. “दिसायला कशाला पाहिजे, बाबा? मला येतं की.”

स्टुलावर बसून रोज ऐकलेलं. इतके लोक तिच्यासमोर ते वाचून गेले होते, आणि जिथे अडायचे तिथे बाप पुढचं अक्षर सांगायचा. बापाने दरवर्षी तिचे डोळे तपासले होते म्हणजे दरवर्षी तिचं पाठांतर घेतलं होतं. बायकोने ट्रे पुस्तकांवरच ठेवला आणि विचारलं की पोरी, दिसत नाही तर सांगायचं नाही का. भिंगरी बापाकडे बोट दाखवून म्हणाली, “ते सगळ्यांना सांगतात आपल्या घरात कुणाला नंबर नाही.”

रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी उघडलं. चौघंही गेली, बाईसुद्धा. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं, पण त्या आल्या, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. चष्मेवाल्याने बरोबर नेलेल्या तक्त्याची कंगव्यांची बाजू लावली. भिंगरीला दुसऱ्या ओळीपासून दात कुठे ते सांगता येईना. चाचणीची चौकट तिच्या नाकावर राहत नव्हती, म्हणून ती त्याने एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने भिंगं घातली. सिलिंडरचा नंबर होता, चांगलाच. लांबचंही धूसर, जवळचंही धूसर. म्हणून अंदाजाने वाचणं, म्हणून डोळे चोळणं. मोबाईलवर अक्षर बोटांनी मोठं होतं म्हणून मोबाईल आवडता. आणि पानावरची ती दोन बोटं. तिला पान आणि स्क्रीन यांतला फरक नीट कळत होता. पान मोठं होत नाही, हाच तो फरक.

“आधी बरं,” त्याने विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न विचारताना मध्ये थांबला, “की आता?”

भिंगरी पाहत होती. मग चौकट हलू नये म्हणून मान ताठ ठेवून खुर्चीतून उतरली, तक्त्याजवळ गेली, तो सरळ बाजूने फिरवायला लावला आणि वरून खाली पाहू लागली. पहिल्यांदाच वाचत होती ती तो. शेवटच्या ओळीखाली, कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता बनवणाऱ्यांनी काही छापलं होतं. ते तिने बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, अडखळत वाचलं.

“हा... तक्ता... पाठ... अस... असलेल्या... व्यक्तीची... तपासणी... यावर... करू... नये.”

चष्मेवाल्याने तक्ता हातात घेतला. त्या तक्त्याशेजारी त्याची सारी कमाईची वर्षं गेली होती. ती ओळ त्याने कधी वाचली नव्हती.

तेव्हा साहेब, तुमचा कागद खोटा, असं आम्ही म्हणणार नाही. आम्ही काही तुमच्यासारखे नाही. बापाने आयुष्यात रोज एकच गोष्ट वाचली, लेकीने तीच उचलली, अगदी अक्षरशः. बापाने जी ओळ वाचली नाही तिच्यापायी लेकीचं वर्ष गेलं. तुमचं वाक्य या घरात जेवढं खरं ठरलं तेवढं कुठल्या घरात ठरलं नसेल, आणि त्याची सजा चष्मेवाला भोगतोय. तो आता गिऱ्हाइकांना घरातल्या नंबरांबद्दल चकार शब्द सांगत नाही. ऑडिटरकाका पुस्तकं न्यायला वर येतात तेव्हा भिंगरीला एखादं पान वाचायला लावतात, आणि ती अडखळते तिथे पेन्सिलीने खूण करतात. रोज खुणा थोड्या कमी.

पण शाळेचा निकाल आला. वातावरण उत्तम, मुलीचं वाचन शून्य, सबब पायाभरणी तुकडी. बाईंनी टॅबमध्ये बदल करायचा प्रयत्न केला म्हणे. चष्म्यासाठी रकानाच नाही.

चष्मेवाला भिंगरीला घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेला. बाई तिथेच होत्या. त्याने साहेबांचा गुळगुळीत कागद दाराशी धरला आणि भिंगरीला खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी उभं केलं. नव्या चष्म्याची दांडी तिने कानामागे नीट बसवली आणि तिथून, अडखळत, पण समोर पाहत, ‘जसे पालक वाचतात’ इथपासून खालच्या सहीपर्यंत वाचून दाखवलं. सहीपाशी थांबून म्हणाली, “हे मात्र दिसतंय, पण वाचता येत नाही.”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, वाचलं छान, पण निकाल वरून आलाय, वर विचारावं लागेल. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई टॅब हातभर लांब धरून, बोटांनी अक्षरं मोठी करून, कुठे काही बदलता येतं का ते पाहत होत्या.

“मॅडम, तुम्हीपण बोटं फाकवता,” चष्मेवाला म्हणाला. “तुम्हाला कुणी जिन्याखाली बसवलं का?”

बाईंनी टॅब खाली ठेवला. त्या लाल झाल्या. त्यांना नुसता कागद दिलेला होता.

उत्तर वर आहे. म्हणून वर विचारतोय. भिंगरी दोन दिवस झाले जिन्याखालच्या बाकावर बसतेय, चष्मा लावून, आणि गुडघे मावत नाहीत. वरून जाणारी तिची मैत्रीण वाकून पाहते. तुम्ही तुमच्या खुर्चीतून उठा, तिच्यासमोर या, तुमचा कागद हातात धरा आणि सांगा: आधी बरं होतं, की आता? पाठ केलेलं सांगू नका. समोर बघून सांगा.